आवाजाला गावाचा वास

मुंबई पाहण्यापूर्वी आम्ही ती ऐकली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात दिवसा रत्नागिरी केंद्र लागायचे आणि रात्र पडली की मुंबई. अब्बा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आखातातून आणलेला नॅशनल पॅनासॉनिकचा ट्रान्झिस्टर दादीच्या उशाशी असे. मगरिबनंतर खरखरीतून मुंबईचा आवाज हळूहळू वर यायचा, इशाच्या सुमारास स्वच्छ व्हायचा आणि फजरनंतर विरून जायचा. दादी म्हणायची, "दिवसा मुंबईवाल्यांना बोलायला सवड कुठे?" खरे कारण आम्ही पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचले. सूर्यप्रकाशामुळे वातावरणात खूप उंचावर एक विद्युतभारित थर तयार होतो आणि तो रेडिओच्या मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर नाहीसा होतो. मग त्याच लहरी त्याहून वरच्या थरावरून परत फिरतात आणि शेकडो किलोमीटर दूरच्या गावात उतरतात. आम्हाला दादीचे कारण अजूनही जास्त पटते.

घरात आम्ही कोकणी बोलायचो, शाळेत उर्दू, एस.टी.त आणि तहसील कचेरीत मराठी. दादीला यांपैकी एकही भाषा लिहिता येत नव्हती. तरी मुंबई 'ब' केंद्रावरची 'आपली आवड' आणि विविध भारतीचे 'छायागीत' तिला सारखेच प्रिय होते. गाणे कोणत्या भाषेतले आहे, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. निवेदकाचा आवाज चांगला असेल तर ती म्हणायची, "हा कुणाच्या तरी चांगल्या घरातला आहे."

२००९ साली आम्ही बी.एड.साठी मुंबईला आलो आणि डोंगरीतल्या आमच्या गावच्या जमातीच्या खोलीत राहिलो. एका खोलीत चौदा माणसे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. त्या वेळच्या साध्या मोबाइलमध्येही एफएम असे. इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. मुंबईत खासगी एफएम केंद्रे २००२ साली सुरू झाली होती. त्यांचे निवेदक इतके भरभर बोलत की आम्हाला सुरुवातीला अर्धे कळत नसे. पण रात्री त्या खोलीत चौदापैकी दहा जणांच्या कानात वायर असायची. ज्याचे त्याचे केंद्र वेगळे होते आणि झोप एकच होती.

त्याच वर्षांत एका खासगी रेडिओ केंद्राला नवे आवाज हवे आहेत असे कळले. आम्ही गेलो. मराठीतला एक उतारा वाचायला दिला. वाचून झाल्यावर काचेपलीकडचा तरुण हसत म्हणाला, "सर, वाचता छान, पण तुमच्या मराठीला उर्दूचा वास येतो." त्याने दोन अक्षरे दाखवली, ळ आणि ण. आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत 'काळा'चा 'काला' होतो आणि 'पाणी'चे 'पानी'. काही महिन्यांनी एका उर्दू कार्यक्रमासाठी दुसरीकडे चाचणी दिली. तेथील बुजुर्गांनी फार अदबीने चहा पाजला आणि सांगितले, "मियाँ, आपकी उर्दू से कोंकण की बू आती है." त्यांची तक्रार क़ाफ आणि ख़े या अक्षरांबद्दल होती.

दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला गेला, वास. आम्ही घरी कोणाला काही सांगितले नाही. पण त्यानंतर बरेच दिवस वर्गात पाठ घेतानाही आपण बोलतो कसे, याकडेच आमचे लक्ष जाई. जो शिक्षक स्वतःचे बोलणे ऐकत राहतो, तो मुलांचे ऐकू शकत नाही. हे ओझे उतरवायला आम्हाला या शहरानेच मदत केली. रविवारी आणि सुटीच्या दिवशी आम्ही फिरायला लागलो. रेडिओच्या इमारती, रेकॉर्डची दुकाने आणि हॉटेले ही आमची तीन ठिकाणे. पैसे फार लागत नसत, कारण रेडिओची इमारत बाहेरून पाहायची होती, रेकॉर्ड दुकानात उभ्याने ऐकायची होती आणि हॉटेलात चहाच घ्यायचा होता.

मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ साली प्रक्षेपणाचे पहिले प्रयोग केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. आज चर्चगेटला उतरून मंत्रालयाकडे चालत गेले की आकाशवाणीची इमारत लागते. शेजारच्या आमदार निवासालाही लोक 'आकाशवाणी आमदार निवास' म्हणतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकासमोर बराच वेळ उभे होतो. दादीच्या उशाशी येणारा आवाज येथून निघत होता, एवढेच पाहायचे होते. रखवालदाराने विचारले, "कोणाला भेटायचंय?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

या शहराच्या रेडिओचा विषय निघाला की अमीन सायानी यांचे नाव येतेच. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि तेथून साऱ्या हिंदुस्थानात ऐकू यायची. आकाशवाणीला आपले श्रोते परत मिळवण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. हे बहुतेकांना ठाऊक असते. आम्हाला मोलाची वाटते ती दुसरी हकीकत. सायानींचे सुरुवातीचे शिक्षण गुजराती माध्यमातून झाले होते. हिंदी निवेदनाच्या पहिल्या चाचणीत त्यांच्या उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून त्यांना नाकारले गेले, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. ज्या आवाजावर पुढे तीन पिढ्यांनी बुधवारची रात्र ओवाळून टाकली, त्या आवाजालाही कुठला तरी वास येत होता!

त्यांच्या वालिदा कुलसुम सायानी यांच्याबद्दल आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. नव्याने अक्षरओळख झालेल्या प्रौढांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झालेले हे पत्र १९६० पर्यंत चालले. भाषा सोपी हिंदुस्तानी आणि लिपी तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. एकच मजकूर तीन लिप्यांत छापायचा, म्हणजे ज्याला जी वाट सोपी त्याने त्या वाटेने यावे. लहानपणी अमीन सायानी या कामात आईला हातभार लावत. सर्वांना समजेल असे बोलायचे कसे, याचा सबक त्यांनी घरातच घेतला होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचा इंतकाल झाला. त्या दिवशी आम्ही वर्गात 'रहबर'ची हकीकत सांगितली. मुलांना गीतमाला माहीत नव्हती, पण तीन लिप्यांची गोष्ट त्यांना लगेच समजली. त्यांच्या दप्तरात रोज तीन लिप्या असतात.

रेकॉर्डच्या दुकानांकडे आम्ही वळलो ते चोरबाजारातून. डोंगरीहून पायी दहा-पंधरा मिनिटे. मटन स्ट्रीटवरची दुकाने जुम्याला बंद असतात आणि त्या दिवशी फुटपाथवर जुना बाजार भरतो. इतर दिवशी दुकानांतून ग्रामोफोनचे पितळी भोंगे, जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आणि रेकॉर्डच्या थप्प्या रचलेल्या दिसतात. काळ्या जड रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेतात आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटे वाजतात. त्या लाखेच्या, म्हणजे झाडावर राहणाऱ्या किड्याने दिलेल्या लाखेत माणसाचा आवाज बसवलेला. हातातून पडली की ठिकऱ्या उडतात, म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाताकडे आधी पाहतो आणि तोंडाकडे नंतर.

तेथे एका दुकानदाराने आम्हाला अब्दुल करीम खाँसाहेबांची मराठी नाट्यपदाची रेकॉर्ड ऐकवली. "उस्ताद, किराना घराणा, आणि मराठी नाटकाचं पद?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "मास्तर, ऐका तर आधी." खाँसाहेब उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी महाराष्ट्रात काढला, मिरजेला घर केले, आणि १९३७ साली गेल्यावर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले. रेकॉर्डवर सुई पडली. मराठी शब्द त्यांच्या गळ्यातून जरा वेगळ्या वळणाने येत होते. पण ते वळण कोणाला खटकले नव्हते. लोकांनी रेकॉर्ड विकत घेतली, झिजेपर्यंत वाजवली, आणि ती झिजलेली आमच्यासमोर फिरत होती. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचे गाणे तर मराठी घराघरांत पोचले.

असेच आम्ही शाहीर अमर शेखांपर्यंत आलो. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म बार्शीचा, १९१६ चा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने हलवणारा हा मराठी आवाज एका मुसलमान घरातला होता. १९६९ साली ते गेले. आमच्या खोलीतल्या चौदा जणांपैकी त्यांचे नाव फक्त एका म्हाताऱ्या चाचांना माहीत होते. गोदीत काम करताना त्यांनी शाहिरांना सभेत ऐकले होते. "भोंगा नसला तरी ऐकू जायचा," एवढेच ते म्हणाले.

भेंडीबाजार या नावाचा उगम कोणी भेंडीच्या झाडांत शोधतात, कोणी इंग्रजांच्या 'बिहाइंड द बझार' मध्ये. या मोहल्ल्याच्या नावाने हिंदुस्थानी संगीताचे एक घराणे आहे, हे तेथे रोज नमाजला जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे उत्तर प्रदेशातून आलेले भाऊ या मोहल्ल्यात राहिले आणि भेंडीबाजारवाले म्हणून ओळखले गेले. नझीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर मूळ गोव्याच्या. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे काही काळ लता मंगेशकर शिकल्या.

लताबाईंची आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. त्या नवख्या असताना लोकल गाडीत संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. ही मुलगी मराठी आहे असे कळल्यावर, मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचे काहीतरी दिलीपकुमार बोलून गेले. लताबाईंना ते लागले. पण त्यांनी गाणे थांबवले नाही आणि रुसूनही बसल्या नाहीत. त्यांनी एका मौलवींकडे उर्दूची तालीम सुरू केली. पुढे त्या ही गोष्ट हसत सांगत आणि दिलीपकुमारांचे उपकारच मानत. दिलीपकुमारांना त्यांनी भाऊ मानले होते.

ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आमच्या मराठीला ज्या शब्दाने हिणवले, त्याच शब्दाने मराठी मुलीच्या उर्दूला हिणवले होते. वास दोन्हीकडून येतो तर! आणि एक गोष्ट अधिक. त्या गोष्टीत एक उर्दू शिक्षकही आहे. क़ाफ कंठाच्या कोणत्या जागेवरून काढायचा, हे त्या मौलवींनी किती शांतपणे शिकवले असेल! आम्ही उर्दूचे शिक्षक. आमचे काम तेच आहे.

काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्येही आम्ही पुष्कळदा गेलो. १९४८ साली सुरू झालेले हे दुकान फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झाले. तेथे कव्वालीच्या सीडी जेथे असत, त्याच्या जवळच मराठी भावगीतांचा कप्पा होता, आणि कोणी हटकत नसे. समोरच्या बाजूला पूर्वी 'वेसाइड इन' होते. त्याच्या खिडकीपाशी बसून अरुण कोलटकर काळा घोड्याचा परिसर पाहत, आणि त्याच परिसरावरच्या त्यांच्या इंग्रजी कविता २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, पुस्तकरूपाने आल्या. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत ते स्वतःचे घर असल्यासारखे वावरत. आम्ही मुंबईला आलो तोवर ते हॉटेल राहिले नव्हते.

पण इराणी राहिले होते, काही आजही आहेत. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे मेरवान १९१४ चे, बेलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. इराणातून आलेल्या या लोकांत बहुसंख्य झरतुष्ट्री होते, पण काही शिया मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, ब्रुन मस्का आणि 'पानी कम' चहा. आमचे गोदीवाले चाचा सांगत की त्यांच्या तरुणपणी काही इराण्यांकडे ज्यूकबॉक्स असे. नाणे टाकले, बटण दाबले की आतला लोखंडी हात रेकॉर्ड उचलून लावायचा. पैसे एकाने टाकायचे आणि गाणे सगळ्या हॉटेलाने ऐकायचे. त्यांच्याकडे पैसे नसत, म्हणून ते दुसऱ्याच्या गाण्यावर चहा प्यायचे. रेडिओ, रेकॉर्ड आणि हॉटेल ही आमची तिन्ही ठिकाणे त्या एका पेटीत एकत्र आली होती.

मेरवानला सकाळी मावा केकसाठी गर्दी असायची. तेथे एका टेबलावर चार अनोळखी माणसे बसायची. एकदा आमच्या समोर 'इन्किलाब' वाचणारे गृहस्थ होते आणि शेजारी 'लोकसत्ता' वाचणारे. दोघांनी अर्धा तास एकमेकांशी क्रिकेटवर वाद घातला. पहिले उर्दू वळणाची हिंदी बोलत होते, दुसरे मराठी वळणाची. कोणी कोणाचा उच्चार दुरुस्त केला नाही. जाताना दोघांनी वर्तमानपत्रे टेबलावरच ठेवली. भेंडीबाजारातल्या १९२३ च्या नूर मोहम्मदी हॉटेलात नल्ली निहारीच्या वाफेत भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र आहे. हुसेन पंढरपूरला जन्मलेले. निहारी दिल्लीची, चित्रकार पंढरपूरचा आणि खाणारे आम्ही कोकणचे. या हॉटेलातून बाहेर पडले की कपड्यांना रात्रीपर्यंत वास राहतो. त्याची लाज मात्र कोणाला वाटत नाही. उलट घरची माणसे विचारतात, "आम्हाला का नाही नेलं?"

या मोहल्ल्याचा पुनर्विकास आता सुरू आहे. २००९ साली स्थापन झालेल्या ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांत जुन्या चाळी पाडून उंच इमारती बांधायला घेतल्या. ज्यांच्या डोक्यावरचे छत गळत होते, त्यांना चांगले घर मिळाले तर आम्ही कशाला हळहळावे? फक्त एवढे वाटते, की रस्त्यावर जे कानावर पडायचे ते आता ठरवून ऐकवावे लागेल.

ते आम्ही वर्गात करतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवली जाते. आमच्या मुलांना लेखी परीक्षेत मराठीला चांगले गुण पडतात. पण महापालिकेच्या कचेरीत सुवाच्य मराठीत अर्ज लिहिणारी मुलगी खिडकीपाशी गेली की हिंदीत बोलायला लागते. नववीतल्या एका मुलीने आम्हाला कारण सांगितले, "सर, लिखने में कोई हँसता नहीं." पोलीस भरती, तलाठी, परिचारिका, बँक, सगळीकडे शेवटी एका खिडकीपाशी बोलावे लागते. तेथे आमची मुले गप्प राहिली तर गुणपत्रिकेतली मराठी त्यांच्या काय कामाची?

म्हणून आम्ही ळ शिकवतो. जीभ मागे वळवून टाळूला लावा, मग सोडा; शाळा, फळा, बाभूळ, आभाळ. रोज दहा मिनिटे. कोणी म्हणेल, मग वासाचे काय? आमचे म्हणणे असे, की उच्चार शिकावाच, लताबाई शिकल्या तसा. पण तो येईपर्यंत तोंड बंद ठेवू नये, आणि आल्यावरही गावाचा जो थोडा वास राहील तो राहू द्यावा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर तो आहेच.

वर्गात आम्ही मोबाइलवर मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करतो. सुरुवात करण्याआधी त्यांना गौहर जानची गोष्ट सांगितली होती. १९०२ साली कलकत्त्यात तिचे गाणे रेकॉर्डवर घेतले गेले. गाणे संपले की ती आपले नाव मोठ्याने सांगे, कारण रेकॉर्डचे साचे जर्मनीला जात आणि तेथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवे होते. आम्ही मुलांना सांगितले, "तुम्हीही दोन मिनिटे मराठीत बोला आणि शेवटी नाव सांगा."

त्या नववीतल्या मुलीने आपल्या मोहल्ल्यातल्या नळाच्या पाण्यावर बोलायचे ठरवले. ळ आणि ण दोन्ही एका विषयात! पहिल्यांदा 'नलाचं पानी' झाले, दुसऱ्यांदा 'नळाचं पानी'. तिसऱ्यांदा ती पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या आपल्या अम्मीबद्दल सांगू लागली आणि अक्षरांचा विचार विसरली. काही ळ लागले, काही निसटले. वर्ग शांत होता. शेवटी तिने आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव, इयत्ता आणि मोहल्ला सांगितला, जरा मोठ्या आवाजातच. मग म्हणाली, "सर, परत लावा ना. सगळ्यांना ऐकू द्या."